जरा दम खा, बाबा!

आमचे बाबा सध्या चपला काढायला दोन मिनिटं घेतात.

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही (पेठेत राहायचं म्हणजे हे आलंच!). पूर्वी हा माणूस एकेक पायरी गाळत वर यायचा, वर येऊन ‘चहा टाका’ अशी आरोळी ठोकायचा. आता दाराशी येतात, भिंतीला हात टेकतात आणि खाली बघत उभे राहतात. विचारलं तर म्हणतात, ‘‘अगं, चपला काढतोय.’’ मंडळी, त्यांच्या चपला साध्या कोल्हापुरी आहेत. ना बक्कल, ना लेस.

मी फ्रीलान्सर. म्हणजे आईच्या भाषेत ‘घरीच असते’. त्यामुळे दुपारी अडीचला गिरणी बंद करून बाबा जेवायला येतात, तेव्हा हा चपला-एपिसोड रोज बघायला मीच असते. सुरुवातीला हसले. मग एक दिवस मोबाइलवर वेळ लावली. मग हसणं बंद झालं.

हो, गिरणी. आमची पिठाची गिरणी आहे. एकतीस वर्षं झाली. माझी मासकॉमची फी याच गिरणीतून गेली, आणि कॉलेजात ‘डॅड काय करतात’ विचारल्यावर मी काही काळ ‘फूड प्रोसेसिंग’ असं उत्तर द्यायचे, तेही इथे कबूल करून टाकते. बाबांनी आयुष्यात बिडीला हात लावला नाही. पण एकतीस वर्षं त्यांच्या भुवया पांढऱ्या होत्या, केस पांढरे व्हायच्या कितीतरी आधीपासून.

तर, ओढत नेलं त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे. तिथे ती फुंकायची टेस्ट. स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, आणि समोर टेक्निशियन मुलगी लग्नात वऱ्हाडाला नाचवावं तशी ओरडतेय, ‘‘काका जोरात, जोरात, जोरात... अजून, अजून, अजून, सोडू नका!’’ बाबा लालबुंद. तीन वेळा फुंकलं. रिपोर्ट आला, नॉर्मल.

आम्ही पेढे घ्यायच्या मूडमध्ये. पण डॉक्टर प्रामाणिक निघाले. म्हणाले, ‘‘नॉर्मल म्हणजे या मशीनला जे दिसतं, ते नॉर्मल. काकांना दम लागतोय हेही खरंच आहे ना?’’ सध्या धुळीपासून जपा, एक इनहेलर देतो, सहा महिन्यांनी परत फुंकून बघू. तरीही कोडं सुटलं नाही तर मग दुर्बीण घालून फुप्फुस आतून थोडं धुऊन, ते पाणी तपासायचा विचार करता येईल.

बाबा खुर्चीतून उठलेच. ‘‘माझ्या घशात नळी? त्यापेक्षा दम लागलेला बरा!’’

आता मशीनला दिसत नाही म्हणजे काय? तर फंडा असा आहे. आपली श्वासाची मेन नळी फुटत फुटत जाते. एकाच्या दोन, दोनाच्या चार, असे वीस-बावीस फाटे. शेवटी शेवटी दोन मिलिमीटरपेक्षाही बारीक नळ्या उरतात. पण संख्येने त्या हजारोंनी. लक्ष्मी रोडवर एक ट्रक बंद पडला की सगळं शहर बोंबलतं. बोळाबोळांत पन्नास ठिकाणी स्कूटर आडव्या लागल्या असतील तर मेन रोडवरच्या पोलिसाला पत्ताही लागत नाही. बारीक नळ्यांचं तसंच. त्यातल्या बऱ्याच खराब झाल्या तरी एकूण हवेच्या वाटेत फारसा अडथळा जाणवत नाही. अमेरिकेतल्या जेरे मीड यांनी १९७० साली या भागाला फुप्फुसाचा ‘क्वाएट झोन’ म्हटलं. शांतता क्षेत्र! आपल्याकडे हॉस्पिटलबाहेर बोर्ड असतो तसं. फक्त इथली शांतता धोक्याची.

आणि फुंकायचं मशीन किती जुनं माहितीये? लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली दोन हजारांहून जास्त माणसांना फुंकायला लावून स्पायरोमीटरचा पेपर छापला. मशीन आता कॉम्प्युटरला जोडलेलं असतं, ग्राफ रंगीत येतो, पण मूळ प्रश्न तोच. किती हवा, किती वेगात? त्या हवेत काय आहे, हे ते विचारतच नाही.

बाबा बिडी ओढत नाहीत, मग त्यांना काय होणार, हा आईचा ठाम युक्तिवाद. त्याचं उत्तर आमच्याच पुण्यात मिळालं. चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं, की सीओपीडी झालेल्यांपैकी अंदाजे २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं. चुलीचा धूर असतो, कामाच्या ठिकाणची धूळ असते. पिठाच्या धुळीची तक्रार तर त्याहून कितीतरी जुनी. इटलीत रामाझ्झिनी नावाच्या डॉक्टरांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक काढलं, त्यात भट्टीवाले आणि गिरणीवाले आहेत. खोकणारे, धापा टाकणारे. बाबांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘‘म्हणजे तीनशे वर्षं चाललंय, आणि अजून फुंकूनच बघतात?’’

प्रश्न करेक्ट होता. म्हणून रात्री बसले शोधायला.

शोधता शोधता पोचले स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला. तिथल्या युनिव्हर्सिटीत कामाच्या जागेमुळे होणाऱ्या आजारांचा विभाग आहे, आणि अ‍ॅना-कारिन ओलिन आणि त्यांच्या टीमने तिथे एक भन्नाट गोष्ट जमवली आहे. श्वासाबरोबर बाहेर पडणारे फुप्फुसाच्या आतले कण गोळा करायचे, आणि त्यातून प्रोटीन काढून तपासायचं. नळी नाही, सुई नाही, दुर्बीण नाही. नुसतं फुंकायचं. बाबांच्या भाषेत, ‘‘हां, हे जमेल.’’

तुम्ही म्हणाल, श्वासात कण? श्वासात तर वायू असतात. मलाही तेच वाटायचं. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला पोलीस फुंकायला लावतात, तिथे अल्कोहोलची वाफ मोजतात. प्रोटीनचं असं नाही. ते एवढं जड, की त्याची वाफ होतच नाही. ते बाहेर यायचं तर कशावर तरी बसूनच यायला हवं.

मग ते बसतं कशावर? लहानपणी साबणाच्या पाण्यात बांगडी बुडवून फुगे केलेत ना? बांगडीत आधी एक पातळ पडदा धरतो. तो फुटला की तोंडावर बारीक शिंतोडे येतात. आपण पूर्ण श्वास सोडतो तेव्हा त्या बारीक नळ्या मिटतात आणि त्यांच्या आतला ओलावा एकमेकांना चिकटतो. परत श्वास घेतला की त्या उघडतात, मधे धरलेला पडदा फुटतो आणि शिंतोडे उडतात. हे शिंतोडे एवढे बारीक, की पुढच्या उच्छ्वासाबरोबर तरंगत बाहेर येतात. ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीतल्या जॉन्सन आणि मोरावस्का यांनी २००९ मध्ये आणि गोथेनबर्गकरांनी २०१० मध्ये वेगवेगळ्या तऱ्हेने श्वास घ्यायला लावून हेच दाखवलं. जितका खोल श्वास सोडाल, तितके पुढच्या वेळी कण जास्त.

म्हणजे बघा. जो शांतता झोन मशीनला ऐकू येत नाही, नेमक्या तिथलाच माल आपण रोज फुकटात बाहेर टाकतोय!

गोळा करायची पद्धत ऐका. नाकाला चिमटा (तो काही सुटत नाही). आधी थोडा वेळ गाळलेली, कण नसलेली हवा घ्यायची, म्हणजे खोलीतली धूळ आतून धुऊन निघते. मग श्वास पूर्ण सोडायचा. अगदी पूर्ण, पोट पाठीला लागेपर्यंत. तीन ते पाच सेकंद तसंच थांबायचं. मग खोल श्वास, आणि मग शांतपणे यंत्रात सोडायचा. कोणी ‘जोरात जोरात’ ओरडत नाही. (आमच्या योगा क्लासच्या काकू याला बाह्य कुंभक म्हणतील. मी घरी करून पाहिलं, चौथ्या वेळी ठसका लागला.) असं पुन्हा पुन्हा, पुरेसा माल जमेपर्यंत.

यंत्राचा डबा आतून ३६ अंशांवर ठेवलेला असतो, म्हणजे श्वासाची वाफ आत थिजत नाही. एक लेझर कण मोजतो. साधारण अर्ध्या मायक्रॉनपासून साडेचार मायक्रॉनपर्यंतचे. आपला केस ढोबळमानाने सत्तर मायक्रॉन जाड, त्यावरून काय ते समजा. मग हवेला एक झटकन वळण देतात. हवा वळते, कणांना वळता येत नाही. वळणावर बाइक स्लिप व्हावी तसे ते सरळ जाऊन समोरच्या पातळ पडद्यावर आदळतात आणि चिकटतात. झालं सँपल.

पडद्यावर जमतं किती? शंभर-सव्वाशे नॅनोग्रॅम. साखरेच्या एका दाण्याचे काही हजार भाग करा, त्यातला एक. आणि हा अख्खा माल. त्यातही बरीचशी स्निग्ध द्रव्यं, प्रोटीन त्यातला एक वाटा.

इथे मला मदत लागली. माझी एक कॉलेजची मैत्रीण प्रोटीनच्या लॅबमध्ये आहे. तिने सायन्स घेतलं, मी मासकॉम, त्यामुळे तिला स्टायपेंड मिळतो आणि मला ‘पेमेंट पुढच्या महिन्यात करू’ मिळतं. ती रक्तावर काम करते, श्वासावर नाही, पण नॅनोग्रॅम म्हटल्यावर तिचे डोळे मोठे झाले. रविवारी घरी आली आणि म्हणाली, चल, गिरणीतच बसू, काका पण ऐकतील.

बाबा दळत होते. ही सांगायला लागली, ‘‘काका, तो पडदा एका छोट्या ट्यूबमध्ये घालायचा. वर काही थेंब द्रावण. हलवत ठेवायचं, म्हणजे पडद्याला चिकटलेलं प्रोटीन सुटून पाण्यात येतं. मग गरगर फिरवून पाणी खाली आणायचं, दुसऱ्या ट्यूबमध्ये घ्यायचं, लगेच वापरायचं नसेल तर उणे ऐंशी अंशांवर ठेवायचं. ऐकायला सोपं. पण प्रोटीनला चिकटायची जाम आवड. पडद्यावरून सुटलं की ट्यूबच्या भिंतीला चिकटतं. तिथून वाचलं तर पिपेटच्या टोकाला. रक्ताच्या थेंबात प्रोटीन एवढं असतं की थोडं गेलं तरी आम्हाला पत्ता लागत नाही. पण इथे मुळात आहेच किती? दोन ट्यूब बदलल्या की...’’

बाबांनी हात वर केला. गिरणी बंद केली. (ते फक्त वीजबिलावर बोलायचं असलं की गिरणी बंद करतात.)

‘‘मूठभर दळण,’’ ते म्हणाले.

‘‘काय?’’

‘‘अगं, कोणी बाई मूठभर डाळ घेऊन येते, काका एवढंच दळून द्या. मी म्हणतो, ताई, एवढं दळण गिरणीच खाईल. दगडाला चिकटेल, खालच्या पिशवीला चिकटेल, तुमच्या डब्यात काही येणारच नाही. हेच ना?’’

मैत्रीण माझ्याकडे बघायला लागली. हेच. अगदी हेच. पाच वर्षं पीएचडी करून ती जे मला नीट समजावू शकली नव्हती ते.

बाबा रंगात आले. ‘‘मग तुम्ही काय करता? मी असलं दळण आलं की त्याच डाळीचं दुसऱ्या कोणाचं आधी घालतो. गिरणीला जे खायचं ते आधी खाऊ देतो. मग तिचं मूठभर टाकलं की बऱ्यापैकी हाताला लागतं.’’

‘‘आम्ही पण!’’ ती जवळजवळ ओरडलीच. ‘‘द्रावणात आधीच गाईच्या रक्तातलं एक स्वस्त प्रोटीन घालून ठेवतो. अल्ब्युमिन. ते भिंती अडवून ठेवतं. शिवाय थोडा साबणासारखा पदार्थ. मग आपलं प्रोटीन वाचतं.’’

‘‘पण मग मिसळतं की,’’ बाबा म्हणाले. ‘‘तिच्या डाळीत दुसरीची डाळ आली.’’

तर मंडळी, हा खरा पेच आहे, आणि तो माझ्या बाबांनी दोन मिनिटांत पकडला. त्याचं उत्तर तुम्ही पुढे काय करणार यावर आहे. एक पद्धत एलायझाची. समजा वडापाव. खालचा पाव प्लेटला चिकटवून ठेवलेला, तो फक्त एकाच वड्याला धरतो. धरला की वरून दुसरा पाव, त्याला रंग येणारं रसायन लावलेलं. रंग जितका गडद, तितके वडे जास्त. ही पद्धत फक्त आपला वडा ओळखते, त्यामुळे आजूबाजूला गाईचं प्रोटीन कितीही असलं तरी चालतं. पण जो वडा शोधायला निघालात तोच सापडणार. यात काय काय आहे बघू दे, असं म्हणायची सोय नाही.

दुसरी पद्धत मास स्पेक्ट्रोमेट्री. यात प्रोटीनचे ठरावीक जागी तुकडे पाडायचे, तुकड्यांची वजनं घ्यायची, आणि वजनांवरून मूळ प्रोटीन कोणतं ते ओळखायचं. बाबा चिमूटभर पीठ बोटात चोळून लोकवन की सिहोर सांगतात, साधारण तसं. आधी यादी द्यावी लागत नाही, जे असेल ते सापडतं. पण इथे गाईचं प्रोटीन घातलंत तर यंत्राला सगळीकडे गायच दिसणार. साबणही चालत नाही. म्हणजे मूठभर दळण, आणि आधी काही घालायचंही नाही. मग मार्ग एकच. मूठ मोठी करा. जास्त वेळ फुंका, किंवा बऱ्याच माणसांचा माल एकत्र करा.

गोथेनबर्गच्या टीमने २०१२ मध्ये तेच केलं. एकत्र केलेल्या सँपलमधून १२४ प्रोटीन ओळखली. यादी बघितली तर बरीचशी तीच, जी दुर्बीण घालून फुप्फुस धुतल्यावर त्या पाण्यात सापडतात. हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मला बाबांना उठवून सांगावंसं वाटलं. नळीशिवाय तोच माल! शिवाय दोन मुबलक प्रोटीन एकेकट्या माणसाच्या सँपलमध्येही मोजता आली. एक अल्ब्युमिन (आपलं, गाईचं नव्हे). दुसरं सर्फॅक्टंट प्रोटीन-ए. हे फुप्फुसाच्या आतल्या अस्तराचं. फुप्फुस मिटून चिकटून बसू नये म्हणून आत साबणासारखा एक थर असतो, त्या थराबरोबर हे असतं आणि आलेल्या जंतूंना पकडायलाही मदत करतं.

मैत्रीण आणखी एक गोष्ट सांगून घाबरवून गेली. मिसळ. तिच्या लॅबमध्ये सगळ्यात जास्त फुकट सापडणारं प्रोटीन म्हणजे केराटिन. आपल्या त्वचेचं, केसांचं. कोणी ट्यूबवर वाकून केस खाजवले की झालं. श्वासाच्या बाबतीत वरून थुंकी. तोंडातून येणारी हवा, त्यात थुंकीचा एक शिंतोडा पडला तर मोजाल काय? थुंकीत अमायलेज असतं, म्हणून ते आहे का ते बघून थुंकी पकडतात. बाबांना हेही शिकवावं लागलं नाही. बाजरीवर गहू दळू नका, हे त्यांना दिवसातून दहा बायका सांगतात.

याआधी लोक श्वास पकडत नव्हते असं नाही. जुनी पद्धत म्हणजे थंड नळीत श्वास सोडायचा, वाफेचं पाणी होतं, ते गोळा करायचं. दहा-पंधरा मिनिटांत एक-दोन मिलिलिटर. बघायला भरपूर, पण जवळजवळ सगळं नुसतं पाणी. त्यात फुप्फुसाचा माल किती पातळ झाला हे दर वेळी वेगळं. अख्ख्या टाकीत एक चमचा सरबत. २०१२ मध्येच गोथेनबर्गवाल्यांनी दोन्ही पद्धती शेजारी ठेवल्या, तर ते सर्फॅक्टंट प्रोटीन कणांमध्ये नीट सापडत होतं, पाण्यात क्वचितच.

आता मुद्द्याचं. याचा बाबांना आज उपयोग काय?

सरळ सांगते. आज, काही नाही.

२०१५ मध्ये याच टीमने सीओपीडीच्या रुग्णांच्या कणांत हे प्रोटीन निरोगी माणसांपेक्षा कमी असल्याचं दाखवलं. वाचून मी खुर्चीत उडाले. मग पेपरचं नाव परत वाचलं. ‘पायलट स्टडी’. मोजकीच माणसं. त्यावरून कोणा एका गिरणीवाल्याला ‘तुम्हाला आहे’ किंवा ‘नाही’ असं सांगता येत नाही. वर कण किती बाहेर पडतात यात माणसागणिक प्रचंड फरक. एकाचा माल पटकन जमतो, दुसरा फुंकतच बसतो. पुढे कमी मालात एकदम शेकडो प्रोटीन चाचपणाऱ्या नव्या पद्धतीही या कणांवर लावून झाल्या, त्यात धूम्रपान करणारे आणि न करणारे यांच्यात फरक दिसले. पण हे सगळं अजून संशोधनात. कोपऱ्यावरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ‘श्वासातलं प्रोटीन, उपाशीपोटी’ असं रेटकार्ड लागलेलं नाही.

मी हे बाबांना सांगायला दोन दिवस लावले. कारण त्यांनी मधल्या काळात सोसायटीत दोघांना, वाण्याला एकाला आणि दळणाला आलेल्या किमान आठ जणींना ‘स्वीडनमध्ये नुसतं फुंकून कळतं’ असं सांगून टाकलं होतं. सांगितलं तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘म्हणजे तोपर्यंत दम खायचा.’’ स्वतःच्याच शब्दावर हसले, आणि हसताना खोकले.

माझी चूक झाली, हे मला तेव्हा कळलं. आम्ही पत्रकार लोक ‘भन्नाट शोध’ म्हणून हेडिंग देतो, ऑफिसात टाळी मिळते, संपलं. ते हेडिंग कोणाच्या तरी घरी वाचलं जातं आणि तिथे एक माणूस दाराशी चपला काढत उभा असतो, हे मला मासकॉमच्या दोन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. इनहेलर पंधरा दिवस तसाच पडून होता, हेही मला त्याच दिवशी कळलं. बाबा ‘पक्की’ टेस्ट येईपर्यंत थांबले होते!

मग घरात जे काही झालं त्याला आई ‘चर्चा’ म्हणते. निष्पन्न असं, की इनहेलर रोज दोन वेळा, माझ्यासमोर. सहा महिन्यांनी परत स्पायरोमेट्री, न कुरकुरता. दळण घालायला एक मुलगा ठेवायचा (याला बाबांनी ‘बघू’ म्हटलंय, म्हणजे नाही). पीठ पडतं तिथली कापडी नळी फाटली होती ती बदलायची. आणि तोंडाला तो पंचा बांधतात, त्याऐवजी एन-९५ मास्क.

मास्कवरून सगळ्यात जास्त भांडण झालं. ‘‘कोविडमध्ये घातला तेवढा बास.’’ तेव्हा मी त्यांना मुंबईची गोष्ट सांगितली. वरळीच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमधल्या संशोधकांनी क्षयाच्या रुग्णांना मास्क लावायला दिले, आत एक पातळ पडदा बसवून, आणि त्या पडद्यावरून जंतूंचा आरएनए शोधून काढला. २०१९ मधलं काम. ते प्रोटीन नव्हे, आजारही वेगळा, आणि बाबांना क्षय नाही. पण श्वासातून काय बाहेर पडतं ते साध्या मास्कने पकडता येतं, एवढं त्यांना पटलं. किंवा मी थकेपर्यंत बोलले म्हणून असेल.

सोमवारी ते मास्क लावून गिरणीत गेले. अडीचला वर आले. दाराशी थांबले, भिंतीला हात टेकला. मी मोबाइल काढला नाही. त्यांनी मास्क काढून माझ्या हातात दिला. बाहेरून पांढराशुभ्र, पिठाचा थर बोटाने खरवडता येईल असा. आतून स्वच्छ. जरासा ओलसर.

‘‘हा ठेव तुझ्या मैत्रिणीसाठी,’’ म्हणाले. ‘‘पण सांग तिला, बाहेरचं सगळं दुसऱ्यांचं दळण आहे. माझं फक्त आतलं.’’

मग खाली बघून चपला काढायला लागले.